धूर, ओलं लाकूड आणि अ‍ॅरिस्टॉटल

सगळे दगड पाण्यावर तरंगतात. हिरा हा दगड आहे. म्हणून हिरा पाण्यावर तरंगतो.

पाश्चात्त्य तर्कशास्त्राच्या पहिल्याच धड्यात असं एखादं उदाहरण भेटतं आणि हा युक्तिवाद वैध आहे, असं सांगितलं जातं. पहिलं विधान धडधडीत खोटं, निष्कर्षही खोटा. पण वैधतेला त्याचं सोयरसुतक नाही. दोन्ही आधारविधानं खरी मानली तर निष्कर्ष नाकारता येतो का, एवढंच ती पाहते. नाही येत. विषय संपला.

हेच नैयायिकापुढे, म्हणजे भारतीय न्यायदर्शनाच्या पंडितापुढे, ठेवून बघा : 'हिरा तरंगतो, दगड असल्यामुळे.' तो नदीच्या तळाकडे बोट दाखवेल. तिथे दगड आहेत आणि ते तरंगत नाहीत, म्हणजे हेतू (पुढे केलेलं कारण) सव्यभिचार, नियम मोडणारा. शिवाय हिरा पाण्यात टाकला की बुडताना दिसतो, म्हणजे हेतू बाधितही. एकाच हेतूवर दोन दोष बसले याची त्याला अडचण नाही. 'ते असू दे, पण घाट तरी बरोबर आहे ना?' असं विचारलंत तर मात्र तुम्हाला काय हवंय हे त्याला कळणार नाही. नुसत्या घाटाला, म्हणजे युक्तिवादाच्या आकाराला, गुण देण्याची सोय त्याच्या शास्त्रात नाही.

दोन्ही परंपरांची तुलना इथून सुरू करावी असं मला वाटतं. सहसा ती वाक्यं मोजण्यापासून सुरू होते : ग्रीकांची तीन, आपली पाच. १८२४ साली संस्कृतचा इंग्रज अभ्यासक कोलब्रुकने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे न्यायदर्शनाचा परिचय मांडला, तेव्हा पाच अवयवांच्या वाक्याला त्याने सिलॉजिझम म्हटलं, म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलच्या तीन वाक्यांच्या युक्तिवादाचंच नाव दिलं. एकदा तो शब्द चिकटल्यावर 'मग यातली दोन वाक्यं जास्तीची नाहीत का?' हा प्रश्न येणारच होता. त्याचं उत्तर देताना आपली मंडळी आजही घामाघूम होतात. खरं तर प्रश्नच चुकीच्या दारावर टकटक करतोय.

पाच अवयव असे. 'पर्वतावर अग्नी आहे' ही प्रतिज्ञा. 'धूर असल्यामुळे' हा हेतू. 'जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात' हे उदाहरण. 'अग्नीला कधीही न सोडणारा असा धूर या पर्वतावर आहे' हा उपनय. 'म्हणून इथे अग्नी आहे' हे निगमन. यातलं प्रत्येक वाक्य समोरच्या माणसाच्या एकेका प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे. तुझं म्हणणं काय? कशावरून? धूर असला म्हणून काय झालं? बरं, पण तसला धूर इथे आहे का? मग ठरलं काय? स्वतःपुरतं अनुमान करताना, म्हणजे स्वार्थानुमानात, ही वाक्यं लागतच नाहीत. ती लागतात दुसऱ्याला पटवताना, परार्थानुमानात. आणि पाच फार होतात ही तक्रार करायला युरोपीय पंडितांची वाट पाहावी लागली नव्हती. मीमांसक म्हणत आले की पहिली तीन किंवा शेवटची तीन पुरेत. बौद्धांनी उदाहरण आणि उपनय या दोहोंवर भागवलं.

पाचांत खरं वजन आहे ते उपनयाला, कारण त्यात परामर्श बोलून दाखवला जातो. समजा, धूर असला की अग्नी असतो हे मला ठाऊक आहे. समोर धूर दिसतो आहे. तरीही माझ्या डोक्यात अग्नी येईलच असं नाही. दोन ज्ञानं शेजारी शेजारी पडून राहू शकतात. 'वह्निव्याप्य धूम असलेला हा पर्वत' असं दोन्ही एकात मुरलेलं तिसरं ज्ञान, म्हणजे परामर्श, झालं की मगच अनुमिती (अनुमानातून मिळणारं ज्ञान) होते. नैयायिक गंगेशाने हे आग्रहाने मांडलं. लुईस कॅरलने १८९५ मध्ये कासव आणि अकिलीस यांच्या संवादात याच फटीत बोट घातलं होतं : आधारविधानं मान्य करूनही कासव निष्कर्ष मान्य करत नाही, आणि 'ही मान्य केलीस तर तेही मान्य कर' हे आणखी एक विधान म्हणून अकिलीसला लिहून घ्यायला लावतं, मग आणखी एक, आणि यादी संपत नाही. नैयायिकाची यादी लांबत नाही, कारण परामर्श हे त्याच्या लेखी आणखी एक विधान नव्हे. ते कारण आहे, जसं कोंबाला बीज. ते झालं आणि आड काही आलं नाही की अनुमिती होते. तिला परवानगी लागत नाही.

म्हणजे एकीकडे विधानांमधलं नातं तपासलं जातं, दुसरीकडे एका माणसाच्या ज्ञानाची उत्पत्ती. अ‍ॅरिस्टॉटलवर अन्याय नको. आधारविधानं खरी आणि मूलभूत असलीच पाहिजेत अशी सिद्धीही त्याने वेगळ्या ग्रंथात सांगितली आहे, आणि न्यायाची तुलना करायची तर त्या ग्रंथाशी जास्त शोभते. पण पुढच्या दोन हजार वर्षांत पश्चिमेने त्याच्याकडून उचलला तो घाटच.

आता उदाहरणाकडे. सार्वत्रिक नियम सांगून झाल्यावर 'जसं स्वयंपाकघरात' हे शेपूट कशाला? न्यायसूत्रांत दृष्टांताची व्याख्या फार सुंदर आहे : सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांचीही बुद्धी जिथे सारखी चालते तो दृष्टांत. वादी-प्रतिवादी दोघांना मान्य असलेली एक तरी खरी जागा दाखवल्याशिवाय नियम उच्चारायचाच नाही. याने रिकामे नियम बाहेर राहतात. सिलॉजिझमची कागदावर शक्य असलेली रूपं २५६. जुन्या हिशेबात त्यांपैकी २४ वैध. एकोणिसाव्या शतकात 'सर्व अ हे ब आहेत' हे विधान एकही अ नसताना खरं धरायचं ठरलं आणि २४ पैकी ९ गळाली, १५ उरली. रिकाम्या वर्गाला घरात घेण्याची ती किंमत. गणिताला ती परवडते, फायद्याचीही पडते. नैयायिक मात्र दारातच अडवतो.

त्याचं ठरलेलं उदाहरण आकाशकमळाचं : 'आकाशातलं कमळ सुगंधी आहे, कमळ असल्यामुळे, तळ्यातल्या कमळासारखं.' नियम ठीक, दृष्टांतही ठीक. पण ज्याच्याविषयी बोलायचं ते कमळच नाही. हा आश्रयासिद्ध हेत्वाभास. १९०५ मध्ये रसेलने फ्रान्सच्या सध्याच्या टकल्या राजाचा प्रश्न सोडवला तो वाक्याची रचना उकलून : 'राजा' हा उद्देश्य वाटतो पण तो तसा नाही, वाक्य म्हणतं की असा एक आणि एकच राजा आहे व तो टकला आहे, आणि हे असत्य आहे. 'सशाचं शिंग नाही' या वाक्यावर नैयायिकांची शस्त्रक्रिया याच जातीची. सशाचं शिंग नावाच्या वस्तूचा अभाव सांगता येत नाही, कारण ज्याचा अभाव सांगायचा तो प्रतियोगी कुठेतरी खरा असावा लागतो. म्हणून वाक्य असं वाचायचं : सशावर शिंगाचा अभाव आहे. ससा खरा, शिंग खरं (गाईचं), फक्त जागा जुळत नाही. खोटा उद्देश्य दोघांनीही विरघळवला. फरक इतकाच की रसेल शेवटी 'असत्य' असा निकाल देतो आणि नैयायिक आकाशकमळाचा खटला दाखलच करून घेत नाही.

बौद्ध दिङ्नागाने, इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात, हेतूची परीक्षा नऊ घरांच्या चक्रात बसवली. साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं ते, जिथे नक्की आहे ती ठिकाणं सपक्ष. जिथे नक्की नाही ती विपक्ष. हेतू सपक्षात सगळीकडे, कुठेच नाही किंवा काही ठिकाणी, विपक्षातही तसंच. तीन गुणिले तीन, नऊ. 'शब्द (म्हणजे ध्वनी) अनित्य आहे' हे सिद्ध करायचंय. 'निर्माण केलेला असल्यामुळे' : घटासारख्या सर्व अनित्य वस्तूंत आहे, आकाशात नाही, म्हणून सद्धेतू. 'प्रयत्नानंतर उत्पन्न होतो म्हणून' : घटात आहे, विजेत नाही, आकाशातही नाही, हाही चालतो, कारण हेतू सगळ्या सपक्षांत असण्याची सक्ती नाही. 'ज्ञेय असल्यामुळे' : सगळीकडेच आहे, त्यामुळे काहीच सांगत नाही. नऊपैकी दोन घरं चांगली, दोन विरुद्ध, पाच अनिश्चित.

यातलं मधलं घर सगळ्यांत विचार करायला लावतं : हेतू सपक्षात कुठेच नाही, विपक्षातही कुठेच नाही. 'शब्द अनित्य आहे, कानाने ऐकू येतो म्हणून.' ऐकू येणारी वस्तू जगात शब्द एवढीच. 'ऐकू येणारं ते सगळं अनित्य' याला विरोधी उदाहरण सापडूच शकत नाही. प्रतिउदाहरण नाही म्हणजे नियम शाबूत, असा हिशेब करणाऱ्याला हा हेतू पास करावासा वाटेल. दिङ्नाग त्याला नापास करतो. विरोधी पुरावा नाही, पण बाजूचा तरी कुठे आहे? पक्षातच, म्हणजे ज्याच्याविषयी सिद्ध करायचं त्यातच (इथे शब्दात), ज्याचं सगळं अस्तित्व संपतं तो हेतू पक्षाबाहेरून काही आणून देत नाही.

तरी माझ्या मते न्यायाचा सगळ्यांत मोठा ऐवज अवयवांत नाही, चक्रात नाही. तो उपाधीत आहे. रोजच्या मराठीत उपाधी म्हणजे मागे लागलेला ताप, नाहीतर नावामागे लावायची पदवी. शास्त्रातली उपाधी पहिल्या अर्थाच्या जवळ आहे, ती हेतूच्या मागे लागते.

धुरावरून अग्नी ठरतो. उलट करून पाहू : 'पर्वतावर धूर आहे, अग्नी असल्यामुळे.' तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. हेतू बाद. पण का बाद? धूर यायला अग्नीखेरीज ओलं इंधन लागतं. ओल्या इंधनाचा संयोग ही इथली उपाधी. व्याख्या तीन शब्दांची : साध्यव्यापकत्वे सति साधनाव्यापकत्वम्. शोधायची रीतही दोन पायऱ्यांची. पहिली : जिथे जिथे साध्य, म्हणजे धूर, तिथे तिथे ही गोष्ट आहे का? ओलं इंधन आहे, हो. दुसरी : जिथे जिथे हेतू, म्हणजे अग्नी, तिथे तिथे ती आहे का? नाही, लोखंडाच्या गोळ्यात नाही. दोन्ही उत्तरं अशी आली तरच उपाधी. नवशिके पहिल्या पायरीवर थांबतात आणि 'हवा' ही उपाधी म्हणून पुढे करतात. धूर तिथे हवा, बरोबर. पण अग्नी तिथेही हवा आहे. हवेने अनुमानाचं काही बिघडत नाही.

आजचं उदाहरण : 'जिथे अग्निशामक बंब जास्त जमले तिथे आगीने नुकसान जास्त झालं, म्हणून बंब नुकसान करतात.' मोठी आग ही उपाधी. मोठं नुकसान तिथे मोठी आग असते. पण बंब तिथे मोठी आग असतेच असं नाही, सरावाच्या दिवशी नुसतेच बंब असतात. संख्याशास्त्रात ज्याला गोंधळ घालणारा घटक म्हणतात त्याची ही जुनी सख्खी बहीण.

आणि इथे एक गंमत आहे. सगळे साध्यवान उपाधिमान आहेत. काही हेतुमान उपाधिमान नाहीत. म्हणून काही हेतुमान साध्यवान नाहीत. मध्ययुगीन युरोपात पाठांतरासाठी नावं दिलेल्या रूपांपैकी 'बारोको' ते हेच. दुसऱ्या आकृतीतलं (आकृती म्हणजे मधल्या पदाच्या जागेवरून पाडलेला गट), आणि अ‍ॅरिस्टॉटललाही सरळ पहिल्या आकृतीत आणता न आलेलं. उलट मानून विसंगती दाखवत त्याला ते सिद्ध करावं लागलं. घाट एक, काम वेगळं. बारोको निष्कर्ष देऊन मोकळा होतो. उपाधी निष्कर्षापाशी थांबत नाही. नियम कुठे फुटला आणि तो कशाच्या जिवावर आजवर टिकल्यासारखा दिसत होता, हे ती सांगते.

नुसती शंका आली तरी उपाधी काम करते. मित्रा नावाच्या स्त्रीचे आजवरचे सगळे मुलगे सावळे. पुढचाही सावळा असणार, मित्रेचा मुलगा असल्यामुळे? प्रतिवादी म्हणतो, गरोदरपणी ती पालेभाजी खात होती म्हणून ते सावळे झाले असतील. या वैद्यकावर आज कोणी विश्वास ठेवणार नाही, पण युक्तीचा कणा ताठ आहे : दुसरं कारण संभवतं एवढं दाखवलं की ते निरस्त होईपर्यंत अनुमान थांबतं. मग कोणीही काहीही शंका काढून कुठलंही अनुमान पाडेल, असं वाटेल. एक धूर्त उपाधी तशी आहेच : 'या पर्वताहून वेगळं असणं'. आतापर्यंत पाहिलेले सगळे अग्नी या पर्वताहून वेगळ्या जागी होते. धूर मात्र या पर्वतावरही आहे. दोन्ही पायऱ्या पार. हिचं नाव पक्षेतरत्व, आणि ती बाद ठरवली गेली, कारण तिला मान्यता दिली तर जगात एकही अनुमान उरत नाही.

शंकेला आवर कुठे घालायचा यावर मग खरी लढाई झाली. चार्वाक म्हणतो, सगळे धूर पाहिलेत का? उद्याचा, परदेशातला? ह्यूमने १७३९ मध्ये हाच प्रश्न युरोपला विचारला आणि सवयीवर येऊन थांबला. दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाचं उत्तर उलटवार करणारं आहे : उद्याच्या धुराची शंका घेतोस, म्हणजे उद्या नावाचं काही आहे हे तू अनुमानानेच मानलंस. शंका असेल तर अनुमान आहेच; नसेल तर प्रश्नच मिटला. व्याघातापाशी शंका संपते आणि तर्क तिची सीमा आखतो. बाराव्या शतकात श्रीहर्षाने याच श्लोकाचे शब्द इकडचे तिकडे करून उलट विचारलं : व्याघात म्हणजे दोन गोष्टींचा विरोध, तो आहे म्हणताना विरोधाचा नियम आधीच गृहीत धरलास, मग तर्क शंकेची सीमा कुठून? चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने पवित्रा बदलला. विरोध वाक्यात शोधू नका, वागण्यात शोधा. धूर हवा असला की हा शंकेखोर अग्नीच पेटवतो, भूक लागली की अन्नाकडेच जातो, पटवायचं असलं की शब्दच वापरतो. ज्याची शंका घेतल्यावर आपलीच कृती खोटी पडते त्याची शंका माणूस घेतच नाही, फक्त तसं म्हणतो.

यात 'तर्क' या शब्दाकडे लक्ष द्यायला हवं. मराठीत तर्क लढवणं म्हणजे अंदाज बांधणं, आणि तर्कशास्त्र म्हणजे सगळी लॉजिकची विद्या. न्यायात तर्क हे प्रमाणच नाही. 'अग्नी नसता तर धूरही नसता' अशी कल्पित आपत्ती दाखवून तो शंका छाटतो. ज्ञान देत नाही. ज्ञानेश्वरीच्या गणेशवंदनेत 'तर्कु तोचि फरशु' म्हटलंय ते चपखल बसतं. परशूने झाड तोडता येतं, फळ लागत नाही.

नव्यन्यायाच्या, म्हणजे गंगेशापासूनच्या न्यायाच्या, भाषेबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, ही सगळी घटापटाची खटपट. दुसरं, संगणकाला हवी असलेली भाषा हीच, नासाने सिद्ध केलंय. दुसऱ्याचं मूळ १९८५ मध्ये एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियतकालिकात आलेल्या रिक ब्रिग्ज यांच्या लेखात आहे. वैयाकरणांची वाक्यार्थ उकलण्याची पद्धत आणि संगणकातली अर्थजाळी यांतलं साम्य त्यात दाखवलंय. 'सिद्ध' वगैरे नंतर ढकलसंदेशांनी जोडलं. शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याचं सांगणं, मानायचं तर आप्त (विश्वास ठेवण्याजोगा सांगणारा) कोण हे तरी आधी बघावं, एवढं न्यायसूत्रांतही आहे.

ती भाषा प्रत्यक्षात काय करते? गंगेश व्याप्तीच्या, म्हणजे 'धूर तिथे अग्नी' अशा अटळ नात्याच्या, व्याख्या करतो आणि एकामागून एक पाडतो. पहिली : साध्याचा अभाव असलेल्या जागी न राहणं. सोपी, आपल्या नेहमीच्या 'प्रतिउदाहरण नाही'सारखी. ती का पडते? 'हे नाव देण्याजोगं आहे, ज्ञेय असल्यामुळे' या अनुमानात साध्याचा अभाव जगात कुठेच नाही. मग 'अभाव असलेली जागा' म्हणजे आकाशकमळच झालं. आधुनिक तर्कशास्त्र म्हणेल, जागा नाही म्हणून विधान आपोआप खरं. गंगेशाला ही आयती पळवाट मान्य नाही. दुसरी अडचण माकडाची. झाडावर माकड बसलंय : फांदीपाशी माकडाचा संयोग आहे, बुंध्यापाशी त्याचा अभाव आहे, झाड एकच. आता 'हे झाड कपिसंयोगी आहे, हे झाडच असल्यामुळे' या बिनचूक अनुमानातही हेतू साध्याभावाच्या जागी राहिला! म्हणून कशाने मर्यादित अभाव, कोणत्या अंशात, कोणत्या संबंधाने, हे प्रत्येक वेळी बांधून सांगावं लागतं. 'अवच्छेदक' हा शब्द त्यासाठी, आणि समास रेल्वेगाडीसारखे लांबतात ते त्यामुळे.

उणीव कुठे राहिली तेही सांगायला हवं. अ‍ॅरिस्टॉटलने पदांच्या जागी अक्षरं ठेवली. दिसायला क्षुल्लक, पण त्या एका युक्तीमुळे धूर आणि पर्वत पुसून टाकून नुसता सांगाडा हातात घेता आला. फ्रेगेने १८७९ मध्ये 'प्रत्येक' आणि 'एखादा' यांना चिन्हांत बसवलं, आणि १९३१ मध्ये गोडेल एका आखीव व्यवस्थेत काय सिद्ध होऊच शकत नाही हे सिद्ध करू शकला. न्यायात असा प्रश्न उद्भवू शकत नाही, कारण ज्ञानापासून सोडवलेली नुसती व्यवस्था तिथे कधी बनलीच नाही. पाणिनीच्या देशात अक्षरांची ती युक्ती कोणाला सुचली नसती असं नव्हे. ज्यांना घाट वेगळा काढायचाच नव्हता त्यांना ती लागली नाही.

म्हणून जिथे दोन्ही वाटा अचानक एकाच वळणावर येतात तिथे मी जास्त सावध होतो. 'घटाच्या अभावाचा अभाव म्हणजे घटच' हे जुन्या नैयायिकांचं मत. सोळाव्या शतकात नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीने ते नाकारलं : 'नाही' म्हणून कळणारी वस्तू 'आहे' म्हणून कळणाऱ्या वस्तूशी एक कशी? अभावाचा अभाव हा वेगळाच. मग त्याचाही अभाव, त्याचाही, अशी अनवस्था येईल, म्हणून तिसऱ्या पायरीवर त्याने दोर कापला : तिसरा अभाव म्हणजे पहिलाच. १९२०च्या दशकात गणितज्ञ ब्राउवरने दुहेरी नकार होकाराइतका मानायला नकार दिला आणि तिहेरी नकार मात्र एकेरीइतकाच ठरतो हे दाखवलं. पायऱ्या तंतोतंत त्याच. पण ब्राउवरचा नकार विधानाला लागतो. रघुनाथाचा अभाव जमिनीवर असतो, जिथे आत्ता घट नाही त्या जागी.